पुढे पाठविण्यापूर्वी
(महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



ख्रिस्ती श्रद्धा आणि समाजमाध्यमे या विषयावर नेहरू नगरच्या या मेळाव्यात आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. आमच्या हाती मोबाइल उशिरा आला. तेव्हा उपदेशापेक्षा कबुलीच द्यावी हे बरे.

गेल्या पावसाळ्यात मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एका आजारी वृद्ध बंधूंच्या निधनाची वार्ता आली. आम्ही वाचली, हळहळलो, आणि चार गटांत धाडून मोकळे झालो. ती त्यांच्या नागपूरच्या कन्येपर्यंत पोहोचली. घरचा फोन कोणी उचलीना. दोन तास त्या बाईने बाप गेला म्हणून रडून काढले. मग शेजाऱ्यांकडून कळले की बाबा बाजेवर बसून खिचडी खात आहेत! आम्ही क्षमा मागितली. ती रागावली नाही, हेच आम्हांला अधिक लागले.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत पाठ केलेली आहे. आम्ही मात्र ती कोर्टकचेरीपुरतीच धरून बसलो होतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी काय घडले ते आठवा. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. तेवढ्या संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे पाच निरपराध इसम जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे बंधन जाहीर केले. 2020 पासून फार फिरलेला संदेश, ज्यावर दुहेरी बाण दिसतो तो, एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण त्या एका ठिकाणीही आपलाच कोणी बसलेला असतो!

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. बायबल मुळावरून मराठीत आणण्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षे भाषांतर केले, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापविले, आणि मुद्रिते स्वतः तपासली. शब्द लोकांच्या हाती देण्यापूर्वी केवढा हा खोळंबा! आमचा अंगठा क्षणभरही थांबला नव्हता.

आता आमच्या गटाने ठरविले आहे की आजार वा निधनाची वार्ता आधी घरी विचारल्यावाचून घालावयाची नाही. हे काम दोन भगिनींकडे आहे. परवाच एक वार्ता आली, भगिनींनी फोन केला, ती खरी निघाली. त्या घरी आम्ही हात जोडलेले चित्र पाठविले नाही. चहाची किटली घेऊन पायीच गेलो.