भावार्थ आणि भरवसा

भागवताच्या एकादश स्कंधात पिंगलेची कथा आहे. विदेहनगरीतील ही गणिका एखाद्या धनवानाची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळत उभी राहते. कोणी येत नाही आणि अखेर तिची आशाच सुटते. ती सुटताच तिला स्वस्थ झोप लागते. अवधूताच्या चोवीस गुरूंत पिंगलेची गणना झाली ती यासाठी की, आशा हेच परम दुःख, हा धडा त्याला तिच्याकडून मिळाला. गीतेनेही आसुरी वृत्तीच्या माणसाचे वर्णन करताना, तो आशेच्या शेकडो पाशांनी जखडलेला असतो, असे म्हटले आहे. एकनाथांनी याच एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली. ती पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेल्या मराठी मनाला, आशा ही सोडावयाची गोष्ट आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

असे असता ख्रिस्ती धर्माने श्रद्धा आणि प्रीती यांच्या पंक्तीला आशेस बसवावे, आणि तिला सद्गुण म्हणावे, याचे नवल वाटल्यास ते साहजिक आहे. श्रद्धेपाशी मराठी वाचक अडत नाही; 'भाव तेथे देव' ही म्हण त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. तो अडतो तो आशेपाशी.

ही अडचण सोडविण्यास गोव्याची कोकणी भाषा मोठी साहाय्यभूत होते. तेथील ख्रिस्ती समाज श्रद्धेला 'भावार्थ' म्हणतो आणि आशेला 'भरवंसो'. ज्ञानेश्वरांच्या 'भावार्थदीपिके'मुळे यांतील पहिला शब्द मराठीला परका नाही. दुसरा तर रोजच्या व्यवहारातला आहे. आशा माणूस वस्तूची करतो, भरवसा मात्र कोणावर तरी ठेवतो. पिंगला आशा करीत होती. पण भरवसा ठेवावा असे तिचे कोणीही नव्हते. तिच्या आशेला जे उणे होते, ते या एका शब्दात सापडते.

याच गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने साष्टी प्रांतात राहून मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या काळचा गोव्याचा इतिहास निर्मळ नव्हे. देवळे पाडली गेली होती, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे काढून घेतलेली होती. त्यांच्या जागी काही तरी द्यावे, ही निकड स्टीफन्सच्या ग्रंथामागे आहे. ज्यांचे जुने सर्व गेले त्यांना नुसते सिद्धांत पुरत नाहीत. त्यांना कथा लागते, आणि ती त्यांच्याच छंदात लागते, हे त्या परदेशी माणसाने ओळखले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मूळ हिब्रू शब्दांकडे वळले म्हणजे ही गोष्ट अधिक उलगडते. श्रद्धेसाठी तेथे 'एमुना' हा शब्द आहे. प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' त्याच धातूचा. त्याचा गाभा मत किंवा समजूत नसून स्थिरपणा हा आहे. अमालेकी लोकांशी युद्ध चालू असता मोशे टेकडीवर हात उभारून बसला होता. ते हात थकून खाली येऊ लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते सावरून धरले, आणि सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहिले. त्या स्थिरतेला मूळ ग्रंथात हाच 'एमुना' शब्द योजला आहे. म्हणजे श्रद्धाळूचे हात थकतच नाहीत असे नाही; ते दुसऱ्यांनी धरावे लागतात.

आशेसाठी हिब्रूत 'तिकवा' हा शब्द आहे, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी असा होतो! यरीहो नगरातील राहाब हीदेखील गणिकाच. तिने इस्राएलाच्या हेरांना आश्रय दिला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे खिडकीला किरमिजी दोरी बांधून ठेवली. नगराचा पाडाव होईल तेव्हा या खुणेवरून तिचे घर वाचावयाचे होते. तिच्या हाती काय होते? दोन अनोळखी माणसांचे वचन आणि एक दोरी. पिंगला दारात उभी होती, राहाब खिडकीशी. दोघीही वाट पाहणाऱ्याच. परंतु एकीची आशा पाश झाली, दुसरीची वचनाला बांधलेली राहिली. पुढे रोमच्या भुयारी दफनभूमींत ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांच्या थडग्यांवर नांगर कोरला, तोही याच आशेचे चिन्ह म्हणून. नांगर रुतलेला असतो तो तळ खलाशाच्या दृष्टीस पडत नाही. वादळात ताण बसतो तो दोरावर.

तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने आशेचे दोन वैरी सांगितले: एक हताशपणा आणि दुसरा फाजील खात्री. पहिला सर्वांच्या ध्यानी येतो. दुसरा अधिक फसवा आहे. 'देव माझे करीलच' असे म्हणून हात जोडून बसणाऱ्याने आशा टाकलेलीच असते. परलोकाच्या नावाने गरिबाला इहलोकातील अन्याय गिळावयास लावणारे धर्मोपदेशकही होऊन गेले. त्यांच्यावर घेतला जाणारा आक्षेप खोटा नाही.

मराठी मुलखात या प्रश्नाची किंमत स्वतःच्या आयुष्याने कोणी चुकविली असेल, तर ती पंडिता रमाबाईंनी. त्यांचे शास्त्रीपंडित आईवडील तीर्थाटन करीत असता दुष्काळात अन्नावाचून गेले. गाठीचे द्रव्य व्रतवैकल्यांत आणि दानधर्मात संपले, तरी देवतांची कृपा झाली नाही, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १८८२ मध्ये पती वारले, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एक सौदा फसला म्हणून त्यांनी दुसऱ्या देवाशी सौदा केला, असे कोणास म्हणता आले असते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली त्यांनी केडगावी आणून सांभाळल्या, तेव्हाही तसे म्हणणारे असतीलच. परंतु १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्ती सदनाचा भार पुढे हिनेच वाहावयाचा होता. सौदा असता तर तो येथेच मोडला असता.

रमाबाई त्या वेळी बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. मूळ भाषांचा अभ्यास त्यांनी उतारवयात केला होता. शिकलेल्या पंडितांपेक्षा साध्या बायकांना कळावे, अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. मुलीच्या मृत्यूनंतरही ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, तेव्हा छापील ग्रंथ त्यांच्या हाती आलेला नव्हता. तो १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना त्यांनी दुष्काळातून, निराधारपणातून वर काढले होते, त्यांच्याच हातांनी मुक्ती सदनाच्या छापखान्यात तो छापला गेला.