भुई एकदा नीट करा, बाईची कंबर वाचवा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



शेतीचा हिशेब मांडायला आपण शिकलो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, सगळ्याची मजुरी धरतो. पण घरातल्या भुईचा हिशेब कोणी मांडला आहे काय? दर आठवड्याला सारवण. शेण गोळा करा, कालवा, ओणवे होऊन घरभर हात फिरवा. एका वेळेला २ तास धरले तरी वर्षाचे १०४ तास, म्हणजे १३ दिवसांची मजुरी. ती कोणत्याच वहीत नाही, कारण ती घरच्या बाईची आहे.

शहरातले लोक मातीच्या घराचे कौतुक करतात. उन्हाळ्यात गार असते, हे खरेच. पण कौतुक त्यांनी करायचे आणि सारवण आमच्या बायांनी, हे कसे चालेल? ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने खुशाल फरशी घालावी. फरशीसाठी कर्ज मात्र काढू नये. आज आम्ही बोलतो आहोत ते ज्यांची भुई यंदाही मातीचीच राहणार आहे त्यांच्यासाठी.

आधी आमची चूक सांगतो. भुईला खड्डे पडले, तेव्हा आम्ही बांधावरची काळी माती आणून बुजवली. महिन्याभरात भेगा. असे का झाले, हे कापूसवाल्याला सांगायला नको. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच घरात पडल्या.

भुईला माती कमी आणि रेती जास्त लागते. मुरमाड किंवा पांढरी माती चाळून घ्या. बाटलीत निम्मी माती, बाकी पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. रेती तळाला, बारीक चिकण माती वर बसते. मिश्रणात एक भाग चिकण मातीला तीन भाग रेती असावी. त्यात बोटभर लांबीचे गव्हाचे काड मिसळा. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर लावून पाहा. भेगा पडल्या तर रेती वाढवा, माती सुटून हाताला लागली तर चिकण माती वाढवा.

डागडुजी अशी करा. खड्ड्यावर नुसता लेप देऊ नका. घट्ट जमीन लागेपर्यंत उकरा, कडा उभ्या कापा, धूळ झाडा, कडा ओल्या करा. मग मिश्रण थोडे थोडे भरून प्रत्येक थर धुमसाने ठोका. खड्डा खोल असेल तर खाली मुरूम भरा. वरचा अर्धा-पाऊण इंचाचा थर बारीक चाळलेल्या मातीचा द्या. तो निम्मा वाळला की गुळगुळीत गोट्याने घोटा. फार ऊन असेल तर ओले गोणपाट टाका, म्हणजे सावकाश वाळेल. भिंतीच्या बुडाशी ओल असेल तर आधी मोरीचे आणि पागोळीचे पाणी घराबाहेर काढा. खालून ओल येत राहिली तर वरचा कोणताच इलाज टिकत नाही.

आता सारवण कसे थांबवायचे? जवसाच्या तेलाने. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणतात, ते जवसाचेच, पण लवकर वाळणारे. ते खायचे नाही. भुई पूर्ण वाळू द्या, थोडीही ओल नको. तेलाचा डबा उन्हात गरम करा, चुलीवर नाही. ब्रशाने हात द्या. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर भुई चिकट होईल. तो हात वाळला की दुसरा द्या. भुई तेल पिणे थांबवेपर्यंत असे चार-पाच हात द्यावे लागतात. मग दारे-खिडक्या उघड्या ठेवून आठ-दहा दिवस वापर बंद. पुढे ओल्या फडक्याने पुसली की झाले. त्यावर शेणाचे सारवण मात्र धरत नाही, तेव्हा घरच्या बाईला विचारूनच ठरवा.

आणि हे नीट ऐका. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि त्यातून उष्णता निघते. भुईवर पसरलेल्या तेलाची उष्णता निघून जाते. पण तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर उष्णता आत कोंडते, आणि काडी न लावता ते पेटू शकते. आपल्या घरात तर वेचलेला कापूस पडलेला असतो! म्हणून कापूस विकून घर मोकळे झाल्यावरच हे काम काढा. कापसाचा बोळा वापरू नका. फडकी लगेच पाण्याच्या बादलीत टाका, नाहीतर बाहेर एकेक सुटे पसरून वाळवा.

शेवटी एकच मागणे. उकरणे, ठोकणे, तेल देणे ही कामे पुरुषांनी करावीत. घरातल्या बाईच्या श्रमाला आपणच मोल दिले नाही, तर आपल्या श्रमाचे मोल बाजाराकडे कोणत्या तोंडाने मागायचे? एका घरी चार जणांनी मिळून काम काढा, मग दुसऱ्या घरी. पुढच्या बैठकीला किती घरांची भुई झाली, तेवढे सांगा.