आपलं पान, आपल्या हातानं



आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. सुटीत गावी गेलो की मी त्या वहीत उतरवून घेई, आणि प्रत्येकीखाली तिनं सांगितलेला अर्थ लिहून इंटरनेटवरच्या एका फुकट जागेवर ठेवी. पुढं घर बदलताना वही गहाळ झाली. म्हटलं, असू दे, इंटरनेटवर आहेच की! आणि एके दिवशी त्या मंडळींनी ती सेवाच गुंडाळली. सूचना पाठवली होती, पण ती माझ्या जुन्या, बंद पडलेल्या पत्त्यावर. आई तोवर गेली होती. आता विचारणार कोणाला?

तेव्हा मी मराठीचा मास्तर असूनही ब्लॉग स्वतःच्या हातानं बांधायला शिकलो. ब्लॉग म्हणजे तारखेवार लिहिलेले लेख, नवा वर आणि जुना खाली. त्याला इंजिनिअर लागतो असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटे.

पण संकेतस्थळाचं पान ही मजकुराची एक साधी फाईल असते. संगणकावरच्या नोटपॅडमध्ये ती लिहिता येते. मजकुराला तेवढ्या खुणा करायच्या. मथळ्याआधी कोनाकार कंसात एच-१, परिच्छेदाआधी पी, आणि तो संपला की तीच खूण तिरकी रेघ घालून. आपण उत्तरपत्रिकेच्या समासात खुणा करतो ना, तसलाच प्रकार. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात. फाईलला इंडेक्स नाव द्यावं, पुढं टिंब देऊन एचटीएमएल लिहावं, तेही रोमन लिपीतच. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की पान ब्राउझरमध्ये उघडतं. इथवर इंटरनेट लागतच नाही! शाळेत एक जुना संगणक असला तरी मुलांना हे शिकवता येईल.

मराठी लिहिणाऱ्यानं एक पथ्य मात्र पाळावं. फाईल यूटीएफ-८ पद्धतीनं साठवावी आणि पानाच्या माथ्यावर तसं नोंदवावं. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असत. वाचणाऱ्याकडं तो फाँट नसला, की त्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोडमध्ये आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा २३२५. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट जागा घेतं, तरी चांगला लांबलचक लेख २०-२५ किलोबाइटांत मावतो. उलट फोनवर काढलेला एखादा फोटो ३-४ हजार किलोबाइटांचा भरतो. गावाकडं रेंज कशी असते ते तुम्हाला मी काय सांगावं? फोटो लहान करूनच लावावा.

पान जगाला दिसायचं तर ते चोवीस तास चालणाऱ्या संगणकावर ठेवावं लागतं. ती जागा भाड्यानं मिळते, कुठं कुठं फुकटही. पत्त्याचं नाव, म्हणजे डोमेन, हे खंडानं घेतलेल्या जमिनीसारखं. त्याचा सातबारा आपल्या नावे होत नाही. खंड थकला की दुसरा कोणी ते घेऊ शकतो. पण मूळ फाईली घरात असल्या म्हणजे जागेच्या मालकानं दार लावलं तरी बिऱ्हाड दुसरीकडं हलवता येतं, आणि नाव तिकडं वळवलं की वाचकाला पत्ता जुनाच राहतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला, त्यात पान वाचता येई तसं लिहिताही येई. १९९३ साली सर्ननं हे तंत्र कोणतंही शुल्क न घेता सर्वांना खुलं केलं. पुढं आपण नुसते वाचणारे होऊन बसलो, हा दोष त्यांचा नव्हे.

माझ्या पानावर सध्या आईच्या एकतीस ओव्या आहेत, आठवतील तशा लिहिलेल्या. त्यांची एक प्रत घरच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक, हो, वहीत. धाकटी मावशी ऐंशीच्या घरात आहे. तिला अजून पुष्कळ येतात असं कळलंय. या रविवारी तिच्याकडं निघालोय.