यंत्राला पडलेल्या टाळ्या



कामगारांच्या सभांतून बोलण्याची आम्हांला सवय. सिनेमावर बोलण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

'टर्मिनेटर' हा चित्रपट १९८४ सालचा. त्यात भविष्यकाळातून आलेला यंत्रमानव एका बाईच्या जिवावर उठतो. १९९१ साली जेम्स कॅमेरॉन यांनी दुसरा भाग काढला. त्यात त्याच चेहऱ्याचे यंत्र, म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, तिच्या मुलाला वाचवायला येते. आम्ही पंधरावीस जणांनी वर्गणी काढून तो कुरवंड्यात भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हते. मारामाऱ्या जरा लांबल्याच. पहिला भाग पाहिलेले गडी आरंभी त्या यंत्राला शिव्या घालीत होते. पण पोराने त्याला एका पायावर उभे केले आणि हशा पिकला, टाळ्याही पडल्या. यंत्र तेच, हुकूम देणारा बदलला होता. हे कोणाला समजावून द्यावे लागले नाही. त्या सुमारास कारखान्यांत नवी यंत्रे येत होती, आणि घरी कोणाला बसवायचे त्याच्या याद्याही.

शेवटी पोलादाच्या कारखान्यात ते यंत्र तापलेल्या रसात उतरते. सगळे गप्प झाले. आमच्यातला एक जण खोपोलीला ओतशाळेत होता. तो म्हणाला, "एवढ्या जवळ आपल्याला उभं राहवत नाही रे, कातडी भाजते." मग त्याने घड्याळ पाहिले. घाट उतरून त्याला पहिली पाळी गाठायची होती.