पन्नाशीतल्या वास्तू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या आयुष्यातील गौरवाचा प्रसंग असतो. वास्तूच्या आयुष्यात मात्र पन्नाशी हे मोठे अवघड वय. नवी म्हणून तिचे कौतुक उरलेले नसते आणि जुनी म्हणून तिला हात जोडावेत इतका काळ लोटलेला नसतो. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यातही किमान शंभर वर्षांची अट आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवल यांनी १९७२ साली उभारलेला ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आला, तो याच वयात.

आपल्या अहमदाबादेतही हा प्रश्न उभा आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ साली अमेरिकन वास्तुशिल्पी लुई कान येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या कामासाठी आले. मार्च १९७४ मध्ये येथून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. पुढील काम अनंत राजे या मराठी वास्तुशिल्प्याने निष्ठेने चालविले. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा मनोदय जाहीर केला. देशविदेशांतून विरोध झाला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये जीर्णोद्धार थांबवून काही इमारतींची पुनर्बांधणी करण्याचे संस्थेने ठरविले.

संस्थेची अडचण खोटी नाही. विटा झिजल्या, ओल मुरली, विटकामातील सळ्या गंजून फुगल्या व त्यांनी भिंतींना तडे पाडले; २००१ च्या भूकंपाचा आघात निराळाच. विद्यार्थ्यांच्या जिवापेक्षा कोणतीही भिंत मोठी नाही, हे वास्तुप्रेमींनीही निःशंकपणे मान्य केले पाहिजे.

तथापि “बाहेरून हुबेहूब तशीच बांधू” या आश्वासनाने प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे देवळांचा जीर्णोद्धार होतो आणि देवत्व कायम राहते, असा दाखला कोणी देईल. परंतु कान यांच्या भिंतीवर गिलावा नाही. जी वीट दिसते तीच भार वाहते; कमानीचा रेटा काँक्रीटची तुळई आवळून धरते, हेही उघड्या डोळ्यांनी दिसते. आत काँक्रीटचा सांगाडा उभारून वर विटांचे आवरण चढविले, तर रूप राहील, पण त्या रूपामागचे कारण नाहीसे होईल.

मग करावे काय? प्रत्येक इमारतीची स्वतंत्र परीक्षा व्हावी. जी वाचविता येईल ती वाचवावी. याच आवारातील ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार लाभला, हे विसरू नये. जी खरोखर धोकादायक ठरेल ती उतरविण्यापूर्वी तिची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे जतन करावीत आणि तिच्या जागी आजच्या काळाची प्रामाणिक नवी इमारत उभारावी. मुख्य म्हणजे पन्हळी, सांधे आणि ओल यांकडे दरवर्षी लक्ष पुरवावे. उद्घाटनास धावणारा समाज देखभालीस कंटाळतो, हे आपले जुने दुखणे आहे.

या शहरातील गायकवाडांच्या हवेलीविषयी आपण अभिमानाने बोलतो. तीही कधीकाळी पन्नास वर्षांचीच होती. आपल्या हयातीत उभ्या राहिलेल्या वास्तूंकडेही त्याच आस्थेने पाहावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.