लालबागची रांग आणि कुलाब्यातली सुई

आज गर्दीबद्दल बोलूया. लालबागला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना माहीत आहे, माणसं जागेवर आहेत तोवर सगळं ठीक. एकदा ढकलाढकली सुरू झाली की संपलं. अतिवाहकात, म्हणजे सुपरकंडक्टरमध्ये, असंच काहीसं होतं.

अतिवाहक पुरेसा थंड केला की त्यातून वीज शून्य रोधाने वाहते. परळच्या दवाखान्यांतल्या मोठ्या एमआरआय यंत्रांमध्ये अशाच तारेचं वेटोळं असतं, उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये. पण जोरदार चुंबकीय क्षेत्र तारेत शिरतं ते बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपात. भोवरे अडकून राहिले तर ठीक. सरकले की रोध येतो, तार तापते. म्हणून ते कसे सुटतात, हे कळायला हवं.

ते बघायचं काम आपल्या कुलाब्यात चालतं, टीआयएफआरमध्ये. तिथल्या प्रताप रायचौधुरींच्या गटाने स्वतः सूक्ष्मदर्शक बांधला, २०१३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो उणे २७२.८ अंशांपर्यंत थंड होतो. त्यात भिंग नाही, सुई आहे. सुई आणि पृष्ठभाग यांत एक नॅनोमीटरही अंतर नसतं. इलेक्ट्रॉन ती फट पार करतात. फट ०.१ नॅनोमीटरने वाढली तरी प्रवाह साधारण दहापट घटतो! म्हणून अणूही दिसतात. झुरिचला बिनिग आणि रोहरर यांनी १९८१ मध्ये ही युक्ती साधली, १९८६ मध्ये नोबेल मिळालं.

भोवऱ्याच्या गाभ्यात अतिवाहकता मरते, तिथे प्रवाह वेगळा येतो. म्हणून एकेक भोवरा चित्रात मोजता येतो.

२०१९ मध्ये या गटाने मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ थरावर चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं. सुरुवातीला भोवरे शिस्तीत, प्रत्येकाला सहा शेजारी. मग जागा सुटल्या, पण दिशा टिकली. लालबागची रांग मोडली, तरी तोंडं मंडपाकडेच! त्यानंतर दिशाही गेली, अनंत चतुर्दशीची गिरगाव चौपाटी झाली. वितळणं असं दोन टप्प्यांत होऊ शकतं, हा सिद्धांत १९७०च्या दशकातला. इथे ते भोवऱ्यांमध्ये डोळ्यांनी दिसलं.

या थरातून उद्या एमआरआय बनणार नाही, हे खरं. पण मीटर फक्त सांगतो की रोध आला. रांग नेमकी कुठून मोडली, हे चित्रच सांगतं. आणि ते कळल्याशिवाय रांग धरून ठेवायची कशी?

भेटूया पुढच्या भागात.