कळवायचं, परवानगी मागायची नाही
(पाड्यावरच्या सभेत केलेले भाषण)



बायांनो, दादांनो, आधी एक चूक कबूल करतो. दाव्यांची ग्रामसभा आम्ही शिकलेल्या पोरांनीच दोनदा पुढे ढकलली. का? तर तलाठी आले नाहीत, गार्ड नको म्हणाला. बारावी शिकलो, पण साहेबाने मान हलवल्याशिवाय आमचा हात सहीला उठेना.

तिसऱ्यांदा एक आजी बोलली, "बांध घातला तवा कोणाला इचारलं होतं रं?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. त्याच रात्री सभा बसली.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो, दावे मागवायचे, पडताळायचे, ठराव करायचा, ही सुरुवात ग्रामसभेनेच करायची. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलो पाहिजे. दंडाची पावती नसेल तरी जुनं घर, बांध, विहीर, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, हे पण पुरावेच. निदान दोन जोडा. पडताळणीचा दिवस वनखात्याला लेखी कळवायचा. कळवणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे.

शेवटची मंजुरी जिल्हा समितीची, हे खरं. पण आपण ठरावच केला नाही, तर ते मंजूर काय करणार? उपविभागीय समितीने नाकारलं, तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो.

आपला निर्णय म्हणजे एकट्याचा हट्ट नाही. सभेत भांडू, बायांचं ऐकू, मग ठरवू. एकदा ठरवलं की कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही.

जिंदाबाद!